रस्ता बघायचा गॉगल

गॉगल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी आरशाकडे जातं. मी तोंड उघडायच्या आत केस सारखे होतात, मान जराशी तिरकी होते आणि सोबत आलेल्या माणसाला विचारलं जातं, कसा दिसतोय? गॉगलातून काय दिसतंय, हा प्रश्न बहुतेकांना घरी गेल्यावर पडतो. त्र्यंबक रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे आणि त्यात माझं सगळं तरुणपण गेलं. आरशासमोर सजलेले इतके चेहरे पाहिलेत, की दिसण्याबद्दल माझं मत आता कुणी विचारू नये. मला सगळेच बरे दिसतात.

सायकलवाले माझ्याकडे उशिरा आले. पूर्वी सायकलवर जाणारा माणूस सातपूरच्या कंपनीत पाळीवर निघालेला असायचा, हँडलला डबा अडकवलेला, आणि त्याला गॉगल घ्या म्हणायची माझी हिंमत झाली नसती. मग कधीतरी पहाटे पातळ चाकांच्या सायकली दिसायला लागल्या. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घातलेली, पोट सुटायला लागलेली, चांगली घरंदाज माणसं त्र्यंबकेश्वरला जाऊन सकाळच्या चहाला परत यायला लागली. घर दुकानाच्या वरच असल्यामुळे मी गॅलरीत उभी राहून त्यांना बघायची आणि मनातल्या मनात हसायची. त्यातलाच एक जण एकदा दुकान उघडायच्या आधी दार वाजवत उभा राहिला. डोळा लालभडक, पाणी थांबेना. उतारावर डोळ्यात चिलट गेलं होतं. त्या वेगात डोळा मिटला की सायकल कुठं जाईल ते आपल्या हातात राहत नाही, असं तो म्हणाला. त्यानंतर मी हसायचं सोडलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गॉगल उन्हासाठी असतो. सायकलवर ऊन नंतर येतं. पहिलं काम अडवण्याचं. वारा, धूळ, चिलटं, ट्रकच्या चाकाखालून उडणारी खडी. कांद्याच्या दिवसांत पिंपळगावच्या रस्त्याला एखाद्या ट्रॅक्टरमागे जाऊन बघा, सुकी सालं कशी तोंडावर येतात. म्हणून काच न फुटणारी हवी आणि डोळ्याभोवती वळलेली हवी. पण ती फार चिकटून बसली तर इगतपुरीच्या पावसाळी हवेत, चढावर, आपल्याच वाफेनं धुरकट होते. म्हणजे वारा आत यायला नको आणि हवा तर खेळायला हवी. हे सांगितलं की गिऱ्हाइकाला वाटतं मी गंमत करतेय. आमच्या कामातली निम्मी कटकट हीच आहे.

आणि काळी काच म्हणजे चांगली काच, हा समज मी आयुष्यभर खोडत आले, तो काही जात नाही. सायकलवाला निघतो अंधारात आणि परततो उन्हात. मधे घाटातली झाडी लागते, तिथं क्षणभर संध्याकाळ होते. गडद काच नेमकी तिथं दगा देते. उन्हात आपोआप काळी होणारी काच मिळते, चांगली असते, पण ती सावकाश रंग बदलते आणि सायकल काही सावकाश उतरत नाही. रस्त्यावरची चमक घालवणारी पोलराइज्ड काच गाडीत बसून जाणाऱ्याला छान. सायकलवाल्याला मात्र रस्त्यावर सांडलेलं तेल त्याच्या चमकेवरूनच कळतं. म्हणून मी बहुतेकांच्या हातात मध्यम तपकिरी काच ठेवते. तिच्यातून डांबर, खडी, भेग, सगळं वेगवेगळं उठून दिसतं.

बसण्याची गोष्ट मला एका परत आलेल्या गॉगलनं शिकवली. फ्रेम देखणी होती, नंबर बरोबर होता, आरशासमोर गिऱ्हाईक खूश होतं. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ गॉगल काउंटरवर ठेवून म्हणाला, रस्ता दिसत नाही. मी पुन्हा तपासलं, सगळं ठीक. शेवटी वैतागून म्हटलं, तुम्ही सायकलवर बसता कसे ते तरी दाखवा. तो स्टुलावर बसला आणि पुढे वाकला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मान खाली, नजर कपाळातून वर. आम्ही चष्मेवाले माणसाला खुर्चीत ताठ बसवून मापं घेतो. हा माणूस काचेच्या वरच्या काठातून जग बघत होता आणि तिथं माझ्या देखण्या फ्रेमची जाड कड होती. मग मी एक जुनी सायकल भंगारातून आणून दुकानाच्या भिंतीला पक्की बसवून घेतली. सायकलवाला आला की हेल्मेट घालून तिच्यावर चढायचं, वाकायचं आणि मग बोलायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा न्यायला आलेल्या आजीबाई बाकावर बसून हा सगळा खेळ बघतात. एकीनं मला हळूच विचारलं होतं, याला डोळ्याचं दुखणं आहे का डोक्याचं?

लोकही एकेक भेटतात. एकाला सायकलच्या रंगाचाच गॉगल हवा होता; सायकल पोपटी होती. एकानं कुणाला सांगू नका म्हणून कारण सांगितलं, की चढावर आपण दमलोय हे शेजारच्याला डोळ्यांवरून कळतं, म्हणून गडद पाहिजे. त्याला मी गडद दिला नाही, बाहेरून आरशासारखी दिसणारी काच दिली. आपली अब्रू झाकलेली राहिली आणि रस्ताही दिसला म्हणून तो अजून माझं नाव घेतो.

पण या मंडळींची एक खोड मला फार उशिरा कळली. सायकलवाला माणूस दोष नेहमी वस्तूत शोधतो. पाठ दुखली की हँडल बदलतो, मांडी दुखली की सीट बदलतो, दम लागला की चाकं बदलतो. शरीराला वय होतं, हे सोडून त्याला सगळं सुचतं. यात चूक तरी काय म्हणा, वस्तू बदलता येते. हनीफभाईंची गोष्ट सांगायची तर ही खोड आधी सांगणं भाग होतं.

हनीफभाईंचं द्वारकेजवळ गाड्यांच्या सीटकव्हरचं वर्कशॉप आहे. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, बोलणं कमी आणि थेट. पहाटेच्या ज्या गटाला मी गॅलरीतून बघायची, त्याच्या सगळ्यात पुढे ते असायचे. पुढे असणं हा मान आहे आणि काम त्याहून मोठं. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या चाकाला चाक लावून येतात. मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. म्हणून पुढच्यानं हात पाठीमागे नेऊन बोटानं खड्डा दाखवायचा, तळवा उघडून थांबायला सांगायचं. मागचे त्या हाताच्या भरवशावर पाय मारतात. वर्षानुवर्षं तो हात हनीफभाईंचा होता आणि त्याचा त्यांना गर्व होता, तो ते लपवतही नसत.

ते पहिल्यांदा तक्रार घेऊन आले ती अगदी रास्त होती. "ताई, ये काडी बहोत जाड आहे. बाजूने स्कूटरवाला कधी आला समजतच नाही. एकदम समोर." जाड काडीनं बाजूचं झाकलं जातं, हे मीच लोकांना सांगते. मी त्यांना बारीक काडीची फ्रेम दिली, वाकवून बसवून बघितली, ते समाधानानं गेले. पावसाळा संपता संपता पुन्हा आले. आता खालची कड आड येत होती. गतिरोधक दिसला नाही, सायकल उडाली, पडता पडता वाचलो म्हणाले. तक्रार पुन्हा पटण्यासारखी. खालच्या बाजूला कडच नाही असा गॉगल मी त्यांना दिला.

त्यानंतर वृषाली आली. बँकेत नोकरी करणारी, तिशीतली, गटात हनीफभाईंच्या बरोबर मागे असायची. कोपर खरचटलेलं आणि गॉगलची काच ओरखडलेली. पेठ रोडला पडली होती. मी कसं काय विचारलं तर आधी म्हणाली, माझीच चूक. काच बदलेपर्यंत थांबायचं होतं, म्हणून मग बोलली. हनीफचाचांनी खड्डा सांगितला नाही. आजकाल बरेच सांगत नाहीत, दमत असतील, कामाचा ताण असेल. तुम्ही त्यांना यातलं काही बोलू नका हं, त्यांना फार लागेल. नाही बोलत, असं मी म्हटलं. पण काच घासताना माझं कामात लक्ष लागेना.

हनीफभाई तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांना काचच छोटी वाटत होती. कपाळापासून गालापर्यंत एकच मोठी काच असते, फ्रेमच नाही, तसला गॉगल आला आहे का, असं विचारत होते. माझ्याकडे होता. मी तो काढला, पण त्यांच्या हातात दिला नाही. त्यांना भिंतीच्या सायकलवर बसायला सांगितलं. ते हेल्मेट घालून वाकले. डोळ्यावरचा चष्मा काढा म्हटलं, त्यांनी काढला. माझ्या नाकाकडे बघा, नजर हलवू नका, आणि माझी बोटं दिसली की हां म्हणा. मी हात लांब बाजूला नेला आणि बोटं हलवत हळूहळू त्यांच्या चेहऱ्याकडे आणायला लागले.

आम्ही डॉक्टर नव्हे. आम्हाला नंबर काढता येतो, रोगाचं नाव घ्यायचा अधिकार आम्हाला नाही, आणि मी तो कधी घेतलेला नाही. पण ही बोटांची तपासणी कुणालाही करता येते. डोळे ठीक असलेला माणूस हात पुरता लांब असतानाच हां म्हणतो. हनीफभाई गप्प. हात खांद्याच्या रेषेत आला, कानाजवळ आला, तरी गप्प. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. दुसऱ्या बाजूनं केलं, खालून केलं. खालून तर बोटं हनुवटीच्या वर आली तेव्हा हां आलं. दिसली ना लगेच, असं म्हणून ते हसले.

"हनीफभाई," मी म्हटलं, "आत्ता तुमच्या डोळ्यावर काहीच नाही. काडी नाही, कड नाही."

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी सदऱ्याच्या कॉलरला टोचलेली सुई काढली, खिशातून दोरा काढला आणि माझ्या तोंडासमोर धरून पहिल्या झटक्यात ओवला. लांबचा नंबर असलेल्या माणसाला जवळचं चष्म्याशिवाय दिसतं, आणि त्यांच्या हाताला तर आयुष्यभराची सवय होती. "अजून हे करतो मी. कारखान्यात पोरांना जमत नाही. आणि तुम्ही मला अंधा ठरवताय?"

मी त्यांना समजावलं, जेवढं मला समजावता येत होतं तेवढं. डोळ्याची काही दुखणी कडेनं खात आत येतात. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, सुईचं भोक दिसतं, पेपर वाचता येतो. कडेला काळं काही दिसत नाही, गेलेली जागा मेंदू आपल्या मनानं भरून काढतो, त्यामुळे माणसाला काही गेलंय हेच कळत नाही. डॉक्टरांना दाखवा, उद्याच दाखवा. ते सायकलवरून उतरले. तुम्हाला गॉगल विकायचा नसेल तर दुसरीकडून घेतो, म्हणाले.

तेव्हा मी जे बोलले ते बोलताना माझी जीभ अडखळली. आमच्या धंद्यात एका गिऱ्हाइकाच्या डोळ्याची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नसते. कुणाच्या मुलीचा नंबर किती, कुणाला एका डोळ्यानं कमी दिसतं, यावर लग्नं अडतात, नोकऱ्या अडतात. मी कधी कुणाचं सांगितलं नाही. पण त्यांच्या पाठीमागे दर सकाळी एवढी माणसं त्यांच्या हाताकडे बघत येत होती, आणि त्यातली एक पडून माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, तुम्ही या आठवड्यात डॉक्टरांकडे गेला नाहीत, तर तुमच्या मागून येणाऱ्यांना मला सांगावं लागेल.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की ती नजर मला आजही नको वाटते. "भरोसा ठेवून आलो होतो, ताई," एवढंच म्हणाले आणि सुई पुन्हा कॉलरला टोचून निघून गेले.

ते डॉक्टरांकडे गेले. माझं ऐकायला नव्हे, मला खोटं पाडायला गेले, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला, बराच पुढे गेलेला. गेलं ते परत येणार नाही, थेंब जन्मभर घालायचे, राहिलंय ते सांभाळायचं. रहदारीत सायकल चालवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हे मला वृषालीकडून कळलं, पण तिलाही आधी वेगळंच सांगितलं होतं. गटात हनीफभाईंनी गुडघ्याचं कारण दिलं. गुडघा धरलाय, काही दिवस येत नाही. लोकांनी गुडघ्याला बांधायचे पट्टे सुचवले, तेलं सुचवली. खरं त्यांनी तिला सांगितलं ते तिच्या कोपरावरचा व्रण बघितल्यावर.

गॅलरीतून मला आता पुढे दुसराच माणूस दिसायचा. मी बरोबर केलं होतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. तरी त्या माणसाची सकाळ मी काढून घेतली, असं वाटायचंच. बरोबर वागलं की मन हलकं होतं, असं लहानपणी आपल्याला सांगितलेलं असतं. माझं मन काही हलकं झालं नाही. द्वारकेवरून रिक्षा जायची तेव्हा मी त्यांच्या वर्कशॉपकडे बघायचं टाळायची.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी ते दुकानात आले. सोबत वृषाली. हनीफभाईंनी थेंब वेळेवर घालतो असं न विचारता सांगितलं, आणि तुमच्यावर राग आहे अजून, हेही सांगितलं. मी म्हटलं, असू दे. मग वृषालीनं मला बाहेर नेलं. दुकानासमोर एक लांबलचक सायकल उभी होती, दोन सीटची, दोन हँडलांची. दोन जुन्या सायकली कापून अंबडच्या एका वेल्डरकडून जोडून घेतलेली. मागच्या सीटला हनीफभाईंनी स्वतः शिवलेलं कव्हर होतं, टाका इतका सरळ की हात फिरवून बघावासा वाटला. पुढे वृषाली बसते, हँडल आणि ब्रेक तिच्याकडे. मागे हे बसतात आणि नुसते पाय मारतात. सुरुवातीला फार जड गेलं म्हणाले. खड्ड्याचा हादरा बसला की हात आपोआप पाठीमागे जायचा, खड्डा दाखवायला, आणि मागे तर कुणीच नसायचं. ते सांगताना ते हसले नाहीत, म्हणून आम्हीही हसलो नाही.

मला वाटलं, वृषालीसाठी गॉगल हवा असेल. हनीफभाई म्हणाले, मला पाहिजे. माझ्या हाताला सवय आहे, मी तपकिरी काचेचा डबा खाली काढला. त्यांनी हातानं थांबवलं.

"ही रस्त्याची काच आहे, ताई. ही नको." मग ते बोलत राहिले, आणि त्यांना मी इतकं सलग बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. सावळ घाटात आपण किती वेळा गेलो याची गिनती नाही, असं ते म्हणाले. तिथला एकेक खड्डा, एकेक वळण अजून सांगता येईल, कुठं डांबर उखडलंय, कुठं पाणी साचतं. पण घाट दिसतो कसा, असं परवा नातीनं विचारलं तर सांगता आलं नाही. सगळा वेळ नजर चाकापुढच्या तुकड्यावर. आता पुढं वृषालीची पाठ असते, बघायला रस्ताच नाही, म्हणून मान वर करतो. मधलं तेवढं दिसतं. तेवढ्यात डोंगर मावतो.

माझ्याकडे करड्या काचा होत्या. सायकलवाल्यांना मी त्या कधी दाखवत नाही, कारण त्यांच्यातून काहीच उठून दिसत नाही. हिरवं तेवढंच हिरवं राहतं, आकाश जसं आहे तसं. मी फिकटातली फिकट काढली. भिंतीच्या सायकलवर बसायला सांगणार होते, मग लक्षात आलं की त्यांना आता वाकायचं नव्हतं. ते काउंटरपाशी ताठ उभे राहिले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सायकलवाल्याचं माप समोर बघणाऱ्या नजरेनं घेतलं. नाकावर, कानामागे, हेल्मेटचा पट्टा टोचत नाही ना, सगळं बघितलं.

कधीचा हवाय, असं मी विचारलं. आज मिळाला तर बरं, उद्या घाटात जायचंय, म्हणाले. नंबरची काच घासायला वेळ लागतो, परवा देते, घाट कुठं पळून जातोय का, असं मी नेहमीच्या सवयीनं बोलून गेले.

"घाट नाही पळत," हनीफभाई म्हणाले. "पण माझं दिसणं किती वर्षं राहील ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून रस्ता आता दुसऱ्याला बघू दे. मी डोंगर बघून घेतो."

त्या दिवशी मी बाकीची गिऱ्हाइकं उद्या या म्हणून परत पाठवली आणि काच घासायला बसले.